बुधवारी घेतलेला पौंड

"पौंड पडणार आहे, ताई. मी शुक्रवारपर्यंत थांबतो," हमीदभाई म्हणाले आणि माझ्या टेबलावरच्या डबीतला एक खजूर उचलून निवांत बसले.

बुधवार होता. सकाळचे साडेआठ. साल दोन हजार चोवीस, महिना जुलै. दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक होती. हमीदभाईंना काही हजार पौंड तिथल्या एका युनिव्हर्सिटीला पाठवायचे होते. त्यांच्या मुलीला, नाझियाला, फार्मसीच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला होता. डिपॉझिट शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत, लंडनच्या घड्याळाप्रमाणे, पोचलं नाही तर जागा वेटिंग लिस्टवरच्या पुढच्या मुलीला जाणार होती. ईमेलमध्ये तसं स्वच्छ लिहिलं होतं. मी तो ईमेल दोनदा वाचला. हमीदभाईंनी एकदाही वाचला नव्हता. त्यांनी फक्त आकडा बघितला होता.

रेवा, ईशान, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला विचारलंत, "आजी, बट व्हॉट डिड यू अ‍ॅक्च्युअली डू?" तुमच्या बाबाने परस्पर सांगून टाकलं, की आजी दुसऱ्यांच्या नोटा मोजायची. बावीस वर्षांत मी एकही नोट मोजलेली नाही. तेव्हा हे लिहून ठेवते आहे.

कुवेतमध्ये आमच्यासारखे बाहेरून आलेले लोक घरी पैसे पाठवायला बहुतेक एक्स्चेंजमध्ये जातात. काउंटरवर दिनार भरायचे, दुसऱ्या टोकाला रुपये निघतात, किंवा पेसो, किंवा पौंड. पण ते आपोआप निघत नाहीत. कुणीतरी ते आधी विकत घेऊन त्या त्या देशातल्या बँकेत आपल्या कंपनीच्या खात्यात भरून ठेवावे लागतात. वाण्याच्या दुकानात माल कमी झाला की भरणारं माणूस असतं ना, तशी मी. माझ्या दुकानात तांदूळ-साखरेऐवजी डॉलर आणि पौंड होते, आणि भाव दर मिनिटाला बदलायचा. या खात्याला ट्रेझरी म्हणतात. नाव भारदस्त आहे. खोली लहान होती आणि एसी नको इतका थंड.

तर हमीदभाई. मूळचे दापोलीकडचे. वफ्राच्या शेतांवरच्या ग्रीनहाउसमधून काकडी आणि टोमॅटो उचलायचे आणि एगैलातल्या आपल्या दुकानात विकायचे. दुकानात सलमाभाभी बसायच्या. तिथे कोकम आणि तांदळाचं पीठही मिळायचं, त्यामुळे आमची ओळख एक्स्चेंजमध्ये न होता आमसुलांवर झाली होती. तेव्हापासून मोठी रक्कम पाठवायची असली, की ते काउंटर ओलांडून थेट माझ्या टेबलाशी यायचे.

पौंड पडणार हे कुणी सांगितलं, असं मी विचारलं. त्यांच्या मेहुण्याने. मेहुण्याला कुणी सांगितलं? व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं. तिथे सरकार बदलणार, म्हणजे गोंधळ, म्हणजे पौंड आपटणार, असा एकूण हिशेब होता. शिवाय दोन हजार सोळाचं उदाहरण होतंच. ब्रिटनने युरोपातून बाहेर पडायचं ठरवलं, त्या शुक्रवारी पौंड खरोखरच आपटला होता. कुवेतमधल्या प्रत्येकाला तो शुक्रवार पाठ आहे. ज्यांनी त्या दिवशी काही घेतलं नाही, त्यांना जरा जास्तच.

मी म्हटलं, "हमीदभाई, जुबैदीची बंदी कधी उठते?"

जुबैदी म्हणजे आपलं पापलेट. कुवेतच्या समुद्रात उन्हाळ्यात काही आठवडे ती पकडायला बंदी असते. जुलैच्या मध्यावर ती उठते. हमीदभाईंना हे मी विचारणं म्हणजे भटजीला एकादशी विचारणं. त्यांनी तारीख सांगितली.

"बंदी उठायच्या आदल्या दिवशी बाहेरून आणलेली जुबैदी घेऊन बसलेला मासेवाला जुनाच भाव लावतो का?"

"नाय. तो दोन दिवस आधीच भाव उतरवतो. उद्या ताजी येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं ना."

"मग बोटी आल्या त्या दिवशी भाव धाडकन पडतो?"

"पडेल कसा? तो आधीच पडलेला."

"आणि त्या दिवशी वादळ झालं, बोटी गेल्याच नाहीत तर?"

"मग बघायलाच नको."

चलनाच्या बाजाराचं मला यापेक्षा जास्त शिकवता येत नाही. ब्रिटनमध्ये सरकार बदलणार हे सगळ्या जनमत चाचण्या कित्येक आठवडे सांगत होत्या. म्हणजे बोटी येणार हे ठाऊक होतं. पौंडाने त्याचा भाव आधीच लावून ठेवला होता. आमच्या धंद्यात याला 'प्राइस्ड इन' म्हणतात. सरकार बदललं म्हणून बाजार घाबरत नाही. ठरल्यापेक्षा वेगळं झालं की घाबरतो. सोळा साली वादळ झालं होतं. या वेळी आकाश स्वच्छ होतं.

हमीदभाईंना पटलं. पण अर्धं. ते म्हणाले, शुक्रवार नको तर नको, पण गुरुवारी दुपारी येतो. मतदान सुरू झालं की थोडा तरी खाली येईल. तेवढंच काय ते समाधान.

मी भिंतीवरचा माझा तक्ता बघितला. हा तक्ता मी दर महिन्याला स्वतः आखायचे. पट्टी घेऊन. कुवेतच्या सुट्ट्या लाल, लंडनच्या हिरव्या. शुक्रवार-शनिवार आमची साप्ताहिक सुट्टी, म्हणून लाल. त्या आठवड्यात रविवारही लाल, कारण हिजरी नववर्षाची सुट्टी जाहीर झाली होती. शनिवार-रविवार लंडन हिरवं. गुरुवार पांढराशुभ्र. दोन्हीकडे सगळं उघडं. मतदानाच्या दिवशी लंडनच्या बँका बंद नसतात. गुरुवारी सकाळी पौंड घेतले आणि दुपारपर्यंत पाठवले, तरी वेळेत पोचले असते.

मी म्हटलं, "गुरुवारी बारापर्यंत या. बारा म्हणजे बारा." हमीदभाई आणखी एक खजूर घेऊन वफ्राला गेले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. कंपनीच्या लंडनच्या खात्यात त्या दिवशी पौंड जवळजवळ नव्हतेच. ही व्यवस्था आमच्या मोठ्या साहेबांची, अबू फहद यांची. इथे माणसाला त्याच्या थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. अबू फहद म्हणजे फहदचे वडील. याच न्यायाने ते मला उम्म समीर, म्हणजे समीरची आई, म्हणायचे. तुमचा बाबा कधी ऑफिसात आला नाही, पण तिथे त्याचं नाव रोज वीसदा घेतलं जायचं.

अबू फहद यांचा लंडनला फ्लॅट होता. सोळा सालच्या त्या शुक्रवारानंतर त्यांनी तो स्वस्तात घेतला, आणि तेव्हापासून ब्रिटनचा मतदार आपल्यासाठीच मत देतो, अशी त्यांची समजूत झाली होती. सोमवारीच त्यांनी मला बजावलं होतं, की इलेक्शन होईपर्यंत पौंड भरून ठेवू नका, पुढच्या आठवड्यात स्वस्त मिळतील. मी जुबैदीचं उदाहरण त्यांनाही दिलं होतं. ते म्हणाले, त्यांच्याकडे मासे ड्रायव्हर आणतो.

बारा वाजायला वीस मिनिटं कमी असताना मारिसेल माझ्या दाराशी आली. मारिसेल आमच्याकडे सेटलमेंट बघायची. मी फोनवर सौदा करायचे. त्या सौद्याचे पैसे खरंच इकडून तिकडे गेले का, हे ती बघायची. मी लग्न ठरवायचे आणि ती वरात वेळेवर पोचवायची, असं म्हणा. मूळची फिलिपिन्समधल्या सेबूची. फार कमी बोलायची.

ती म्हणाली, "मॅम, उद्याच्या यादीत पौंडाची खरेदी दिसते."

"हो. एका क्लायंटसाठी."

"डॉलर कुठून देणार?"

"न्यूयॉर्कच्या खात्यातून. नेहमीसारखे."

मारिसेलने भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं. मग तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅम, उद्या चार जुलै ना?"

मी खुर्चीतून उठले आणि परत बसले.

चार जुलै. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. न्यूयॉर्कच्या बँका बंद.

दिनार देऊन थेट पौंड घेणारं-विकणारं गिऱ्हाईक फारसं नसतं. आमची कंपनी दिनार देऊन डॉलर घ्यायची, ते न्यूयॉर्कच्या बँकेत असायचे, आणि ते डॉलर देऊन पौंड. बाकीच्यांचंही तसंच. पैसे पाठवणारा कुवेतमधला, घेणारा ब्रिटनमधला, आणि मधे दरवेळी अमेरिका. ती इतकी नेहमीची होती, की माझ्या तक्त्यात तिला रंगच नव्हता. सूनबाईने घरातल्या सगळ्यांची ताटं मांडावी आणि वाढणाऱ्या सासूचंच विसरावं, तसं झालं होतं.

सुट्टीची नोटीस आली नव्हती का? आली होती. न्यूयॉर्कच्या बँकेने ती वेळेवर पाठवली होती आणि मी ती 'नोटिसेस' नावाच्या फोल्डरमध्ये, योग्य त्या जागी, व्यवस्थित ठेवून दिली होती. माझ्या फोल्डरमध्ये काही सापडलं नाही असं कधी झालं नाही. फक्त ते आधी आठवावं लागतं.

मी बोटांवर मोजलं. गुरुवारी अमेरिका बंद. शुक्रवारी अमेरिका आणि लंडन उघडे, आम्ही बंद. शनिवारी सगळेच बंद. रविवारीही सगळेच बंद. तिन्ही दारं एका वेळी उघडी असतील असा पुढचा दिवस सोमवार. नाझियाची मुदत शुक्रवार. म्हणजे पौंड घ्यायचे तर आज. आत्ता.

ज्या बँकेकडून मी पौंड घ्यायचे, तिथल्या डीलरला फोन लावला. उद्याचा भाव दे म्हटलं. तो हसला. उद्या तो कुणालाच भाव देत नव्हता. आज मिळतील, पण आजच्या आज पोचवायचे तर दीड वाजायच्या आत सौदा झाला पाहिजे, त्यानंतर त्यांचं दार बंद. याला 'कट-ऑफ' म्हणतात. आणि इतक्या ऐन वेळी तो किरकोळ रक्कम विकणार नव्हता. किमान एक मोठा गठ्ठा. हमीदभाईंच्या रकमेच्या दहापट.

म्हणजे मला दोन माणसांचं मन वळवायचं होतं. दोघंही पौंड पडायची वाट बघत होते.

आधी अबू फहद. त्यांच्या केबिनमध्ये टीव्हीवर ब्रिटनच्या बातम्या चालू होत्या. आवाज बंद होता.

"उम्म समीर, मी काय सांगितलं होतं?"

"इलेक्शन होईपर्यंत पौंड घ्यायचे नाहीत."

"झालं इलेक्शन?"

"नाही. पण उद्या अमेरिका बंद आहे."

"तुमच्या तक्त्यात तसं नाही."

"तक्ता चुकलाय."

अबू फहद यांनी रिमोट खाली ठेवला. म्हणाले, बावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं, परत एकदा म्हणा. मी परत म्हटलं. त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं. मग मी त्यांना नाझियाचं सांगितलं. त्यांचा धाकटा मुलगाही तेव्हा बाहेर शिकत होता. ते गंभीर झाले, पण धंदा सोडला नाही.

"बाकीचे नऊ भाग कुणाच्या गळ्यात? शुक्रवारी पौंड पडला तर?"

मी त्या वर्षअखेरीला निवृत्त होणार होते. म्हटलं, "तर माझ्या निरोपाचा केक लहान आणा."

त्यांनी घड्याळ बघितलं. क्लायंटचे दिनार आधी आपल्या खात्यात आले तरच घ्या, म्हणाले. नियम तोच होता. मोठ्या रकमेला तोंडी शब्द चालत नाही.

साडेबारा झाले होते. हमीदभाईंचा फोन लागेना. मी दुकानात लावला. सलमाभाभी म्हणाल्या, ते ग्रीनहाउसमध्ये गेले की फोन गाडीत ठेवतात. एकदा काकडीच्या क्रेटमधून फोन परस्पर जहराच्या बाजारात गेला होता, तेव्हापासून. त्यांनी शेतावरच्या मुकादमाला फोन करायचं कबूल केलं. मी त्यांना थोडक्यात प्रकार सांगितला. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: शुक्रवारी नाय पोचले तर पोरीची जागा जाते, हे नक्की? मी म्हटलं, नक्की, ईमेलमध्ये आहे. "माझ्या नवऱ्याने मला सांगितलेलं, मुदत हाय म्हणून. असली हाय ते नाय सांगितलं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

माझ्या टेबलावरचं घड्याळ डिजिटल होतं. त्या दिवशी मला काट्यांचं घड्याळ हवं होतं. निदान काटे सावकाश सरकतात असं वाटतं.

बारा पन्नासला सलमाभाभींनी परत फोन केला आणि त्याच कॉलमध्ये हमीदभाईंना जोडून घेतलं. मागे पाण्याच्या पंपाचा आवाज होता. मी भराभर सांगितलं. 

"ताई," हमीदभाई म्हणाले, "इलेक्शन ब्रिटनचं. पैसे कुवेतचे. पोरगी माझी. यात अमेरिका कुठून घुसली?"

"दिनार आणि पौंडाची थेट बस नाही, हमीदभाई. मधे डॉलरच्या स्टॉपवर उतरून बस बदलावी लागते. उद्या तो स्टॉप बंद."

"मग शुक्रवारी?"

"तो उघडा. आपला बंद."

"शनिवारी?"

"सगळे बंद."

"रविवारी?"

"हिजरी नववर्ष."

"अरे हो. मग सोमवारी तर सगळे उघडे?"

"सोमवारी सगळे उघडे. नाझियाची जागा तेवढी बंद."

 मग त्यांनी विचारू नये ते विचारलं. सकाळी तुम्हीच म्हणालात गुरुवार चालेल. आता म्हणता आज. तुम्हाला आज पौंड खपवायचे आहेत, असं काही टार्गेट तर नाही ना?

मला राग आला नाही असं लिहिलं तर तुमचा बाबा हसेल. आला. पण त्यांचं चुकत नव्हतं. सकाळी एक आणि दुपारी एक सांगणाऱ्या माणसावर मीही विश्वास ठेवला नसता. मी म्हटलं, सकाळी मी चुकले. अमेरिका विसरले. एका तासात दुसऱ्यांदा कबूल केलं. सवय होत चालली होती.

तेवढ्यात सलमाभाभी बोलल्या. त्या इतका वेळ लाइनवर आहेत हे आम्ही दोघंही विसरलो होतो.

"तुमी पौंडाची वाट बघा. पोरीची जागा तुमची वाट बघनार नाय. काकडीचा दर आज उतरला तर उद्या परत चढतो, ती काकडी हाय. ही पोर हाय."

"मी कुठे नाय म्हणतोय?"

"म्हणताय कुठे? थांबताय."

हमीदभाईंनी पैसे भरायचं कबूल केलं. बँकेच्या अ‍ॅपवरून, त्यांच्याच खात्यातून, कारण फॉर्मवर नाव त्यांचं होतं. सलमाभाभींचं खातं चाललं नसतं. एक वाजून चार मिनिटं. पण ग्रीनहाउसपाशी इंटरनेटला पुरेशी रेंज नव्हती. फोनवर बोलता येत होतं, अ‍ॅप उघडत नव्हतं. त्यांनी गाडी रस्त्याच्या बाजूला आणली. तिथेही एकच दांडी. शेवटी ते पिकअपच्या टपावर चढले. बाहेर पन्नासच्या जवळपास तापमान. टप म्हणजे तवा. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त "आय आय गं" एवढं ऐकू आलं, आणि मी विचारलं, पासवर्ड चुकला का.

एक एकोणीसला मारिसेलने दारातून अंगठा दाखवला. दिनार आले होते.

मी डीलरला फोन लावला. तो दुसऱ्या कॉलवर होता. मी थांबले. त्या पाच मिनिटांत मी तक्त्यावरचा गुरुवार निळ्या पेनने रंगवून टाकला. एक पंचविसाला तो लाइनवर आला, भाव सांगितला, मी 'डन' म्हटलं. आमच्या धंद्यात 'डन' म्हटलं की संपलं. त्यानंतर पौंड पडो, चढो, की समुद्रात जावो, सौदा मोडत नाही. लग्नातसुद्धा एवढं पक्कं काही नसतं.

हमीदभाईंना कळवलं. ते टपावरून उतरले होते. तळहाताला बर्फ लावून बसले होते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की आता शुक्रवारी पौंड पडला तर? मी म्हटलं, पडला तर माझ्याकडून डझनभर पुरणपोळ्या. चढला तर तुमच्याकडून जुबैदी, बंदी उठल्यावर, ताजी. सलमाभाभींनी मधेच विचारलं, जागच्या जागी राहिला तर? त्याचा विचार आम्ही दोघांनीही केला नव्हता.

पैसे गुरुवारी दुपारी युनिव्हर्सिटीच्या खात्यात जमा झाले. ब्रिटनमधले लोक मत द्यायला रांगेत उभे होते तेव्हा. संध्याकाळी नाझियाला पावतीचा ईमेल आला आणि तिने मला एक फुलांचं चित्र पाठवलं. त्याखाली 'थँक्यू आंटी' असं लिहिलं होतं. खरं तर ते तिच्या आईला पाठवायला हवं होतं. मी पुढे पाठवलं.

निकालाचा पहिला अंदाज आमच्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्री येणार होता. मी दहाला झोपले. शुक्रवारी सकाळी पोहे खाताना तुमच्या आजोबांनी फोन बघून सांगितलं, की सरकार बदललं. चौदा वर्षांनी. बदलणार होतं तसंच.

"आणि पौंड?" त्यांनी विचारलं.

मी बघितलं. "झोपलाय."

अगदीच झोपला नव्हता. कूस बदलली होती. केसभर वर. आजोबा मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत आयुष्यभर प्रेशर गेज बघत आलेले. ते म्हणाले, काटा हलला नाही तर आमच्याकडे आधी गेज बिघडलंय का बघतात. मी म्हटलं, गेज ठीक आहे. सगळ्यांना आधीच ठाऊक होतं एवढंच.

सोमवारी ऑफिस उघडलं तेव्हा काउंटरवर पौंड पाठवणाऱ्यांची रांग होती. पडण्याची वाट बघत थांबलेले सगळे एकदम आले होते. बुधवारी घेतलेला गठ्ठा दोन दिवसांत संपला. अबू फहद यांनी शुक्रवारी पहाटेपर्यंत टीव्ही बघितला होता. डोळे अजूनही लाल होते. ते म्हणाले, "उम्म समीर, चौदा वर्षांनी सरकार बदललं आणि पौंडाला काहीच वाटलं नाही?" त्यांचा स्वर दुखावल्यासारखा होता. जणू पौंडाने निदान त्यांच्यासाठी तरी काहीतरी करायला हवं होतं.

हमीदभाईंनी हिशेब करून फोन केला. बुधवारऐवजी शुक्रवारच्या भावाने घेतले असते तर दोन शावर्मांचे पैसे जास्त गेले असते. त्यांचं म्हणणं, दोन शावर्मांसाठी अख्खी जुबैदी मागणं बरं दिसत नाही. मी म्हटलं, चढला म्हणजे चढला, किती ते ठरलं नव्हतं. बंदी उठल्यावर त्यांनी अर्धी जुबैदी आणून दिली. शेपटाकडची. दुसऱ्या दिवशी सलमाभाभींनी डोक्याकडची अर्धी पाठवली, वर कोकमाची पुडी.

माझ्या निरोपाचा केक मोठा होता. त्यावर क्रीमने तक्ता काढला होता, तीन रंगांत. निळा रंग मारिसेलने सुचवला होता.

यातून शिकण्यासारखं थोडंच आहे. कुठे इलेक्शन असलं आणि तुमचे पैसे अडकलेले असले, तर कोण जिंकणार याची चर्चा करायला बाकीचं जग आहे. तुम्ही आधी कोणत्या बँका कोणत्या दिवशी बंद आहेत ते बघा. आणि आलेली नोटीस फोल्डरमध्ये ठेवायच्या आधी वाचा. व्यवस्थितपणा चांगला असतो, पण तो स्वतः वाचत नाही.

नाझिया आता तिथेच नोकरी करते. आता ती दर महिन्याला थोडे पौंड घरी पाठवते. परवा हमीदभाईंचा फोन आला. मी निवृत्त झाले हे त्यांना मान्य नाही.

"ताई, मेहुणा म्हणतो पौंड चढणार हाय. पोरीला सांगू का, या महिन्याचे जरा थांबव म्हणून?"

मी म्हटलं, "सलमाभाभींना विचारलंत?"

"नाय," ते म्हणाले. मग आपणच पुढे म्हणाले, "पाठव म्हणून सांगतो."